अर्धा संकल्प

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

वर्ष संपत आलं तरी ही डायरी कोरीच होती. आता तिला काम मिळालं.

काल डॉक्टरांनी माझा उजवा पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला. अंगठ्याशेजारच्या बोटाला चपलेचा पट्टा लागून झालेली जखम पावसाळ्यापासून भरत नाही, म्हणून गेलो होतो. वाटलं, मलम देतील. ते म्हणाले, "तम्बाकू छोड़िए। नहीं तो पहले उँगली जाएगी, फिर पंजा।"

मी विचारलं, कमी केली तर? माझं पाकीट दुपारीच संपतं, पण मी ते अर्ध्यावर आणू शकतो.

"एक भी नहीं। सिगरेट, बीड़ी, खैनी, कुछ भी नहीं।"

मी कारण विचारलं. मला कारण कळल्याशिवाय काम करता येत नाही. त्यांनी चिठ्ठीच्या मागे रक्तवाहिनीचं चित्र काढून दाखवलं. तंबाखूने ती आकसते आणि माझी जरुरीपेक्षा जास्त आकसते. चित्रात एक चूक होती, ती मी दाखवली नाही.

मी वजनाचे काटे दुरुस्त करतो. सराफ्यातल्या सोनारांचे, मंडीतले, राइट टाउनमधल्या शाळांच्या प्रयोगशाळांतले. कॉलेजची पायरी चढलो नाही. परदेशी काट्यांच्या पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचल्या आणि शिकलो. बायकोकडचे सगळे खमरियाच्या फॅक्टरीत नाहीतर रेल्वेत साहेब. त्यांच्या लग्नकार्यात माझी ओळख 'आमचे जावई, ते काट्याचं बघतात' अशी करून देतात. असो. ज्याने 'ते काट्याचं' सगळं स्वतः शिकून घेतलं, त्याला सिगारेट सोडणं जड जाऊ नये. कोणाचा टेकू लागणार नाही.

लतिकाला सांगितलं तेव्हा ती दात घासत होती. तिच्या हातातली मंजनाची डबी खाली पडली. घाबरली बिचारी.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, ग्यारस

लतिकाच्या हट्टाने ग्वारीघाटला जाऊन संकल्प केला. "नर्मदाजींसमोर सोडलं की सुटते," म्हणाली. पाण्याचा आणि रक्तवाहिनीचा संबंध नाही हे मला कळतं. पण आमची वजनंही निरीक्षकासमोर तपासून घ्यावी लागतात, तेव्हा साक्षीदार असायला हरकत नव्हती.

एकादशी म्हणून घाटावर उसाची गर्दी. एका पंडिताने आम्हाला पायरीवर बसवलं, माझ्या ओंजळीत पाणी, फूल, अक्षता घातल्या. लतिकाने रीतीप्रमाणे माझ्या उजव्या हाताला हात लावला.

"क्या छोड़ रहे हो भैया?"

"सिगरेट।"

तो मंत्र सुरू करणार, तेवढ्यात मी थांबवलं. नुसतं सिगारेट म्हटलं तर उद्या माझंच मन म्हणेल, विडी चालते. अशा फटी मी ठेवत नाही. म्हटलं, "पंडितजी, ऐसे बोलिए, तम्बाकू, किसी भी रूप में। पीना, चबाना, सूँघना, दाँत में लगाना, सब।"

तो हसला. "आपने तो पूरी दुकान ही छुड़वा दी।"

इथे लतिकाचा हात माझ्या हातावरून निसटला. पंडिताच्या लक्षात आलं. "बहनजी, हाथ मत हटाइए। पत्नी का हाथ लगा है तो आधा संकल्प आपका।"

"मेरा भी?"

"और क्या! इनका टूटा तो आपका टूटा, आपका टूटा तो इनका।"

तिने थोडा वेळ नदीकडे पाहिलं. मग हात परत ठेवला. बर्फासारखा गार. नदीवरचा वारा होताच.

परतताना ऑटोत म्हणाली, "एवढं एक-एक करून काहून सांगितलं तुम्ही? सिगारेट म्हटलं असतं तं नर्मदाजींना समजलं नसतं का?"

मी तिला फटीचं समजावून सांगितलं. तिने घरापर्यंत बाहेरच पाहिलं. मी पाय वाचवायला निघालो आहे आणि हिचा चेहरा असा का, हे मला उलगडलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सोनाराच्या काट्याची वजनं चिमट्यानेच उचलायची असतात, बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. आज चिमट्यातून वजन दोनदा निसटलं. दुकान लवकर बंद केलं.

घरी लतिकाने दूधवाल्याशी भांडण काढलं. दूध पातळ आहे म्हणे. आमच्या लग्नाला मुलगी नोकरीला लागण्याइतकी वर्षं झाली, या बाईचा आवाज मी मोरीपलीकडे गेलेला ऐकला नव्हता. डोकं दुखतं म्हणून पदर बांधून निजली आहे. तलफ मला आणि डोकं हिचं दुखतंय. याला काय म्हणायचं?

१६ नोव्हेंबर, शनिवार

शेजारचा गुणवंत आला. फॅक्टरीत लेथवर आहे, चांगला कारागीर. त्याने खैनी सोडली त्याला काही वर्षं झाली. म्हणाला, "भाऊ, रोज संध्याकाळी माझ्यासोबत फिरायला चला. मी पण असाच सुटलो."

"मला टेकू नको गुणवंता. माझी माझी पद्धत आहे."

"पद्धत ठेवा ना बाप्पा, कोण नाही म्हणून राहिलं? पण अकडता काहून? माझ्या वेळी बायको, साळा, फोरमन सगळे लागले होते मागे. एकट्याने सुटली असती तं मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

तेवढ्यात लतिका चहा घेऊन आली. कप ठेवताना बशी जोरात आपटली. गुणवंतने तिच्याकडे पाहिलं, तिच्या दातांकडे पाहिलं असं मला वाटलं, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, पहिले काही दिवस डोकं फुटते. लवंग ठेवा तोंडात. मग उतरते."

ती आत गेली. उपाय माझा आणि सांगतो तिला! माणूस भला आहे, पण बोलण्याला दिशा नाही.

फिरायला मात्र जाईन. त्याला बरं वाटेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रणोतीचा इंदूरहून फोन. मुलीचं मराठी नोकरी लागल्यापासून आणखीच बिघडलं. "बाबा, मी तुमच्या फोनमध्ये एक ऍप टाकून देते, किती दिन झाले सब बताते. प्राउड ऑफ यू बाबा!" मी म्हटलं, मोजायला मला ऍप लागत नाही. मग तिने आवाज खाली केला. "आई को क्या हुआ? काल रोऊन राहिली होती फोनवर. म्हणे, मला जमत नाही बेटा."

"काय जमत नाही?"

"ते नाही बोलली. बाबा, तुम्ही विचारा ना प्यार से."

विचारलं. प्रेमानेच. "लतिका, तुला काय जमत नाही?"

"भाजी जमत नाही," म्हणाली आणि मेथी निवडत बसली. मेथी तिला उत्तम जमते.

माझा अंदाज, वय. या वयात बायकांचं असं होतं, वाचलं आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज एक चमत्कार. सकाळी डोळे उघडले आणि स्वयंपाकघरातून हिंगाचा वास आला. नुसता वास नव्हे, फोडणीत हिंग आधी पडला आणि मोहरी नंतर, हेही कळलं. दुकानात मशीनचं तेल, रस्त्यावर पेरूची गाडी, गुणवंतच्या स्वेटरला डांबरगोळ्या. इतकी वर्षं मी हे जग नाकावर पडदा घालून पाहत होतो. आयुष्य गेलं मिलिग्रॅम मोजण्यात आणि घरात काय शिजतं ते कळत नव्हतं.

पण एक भानगड झाली. न्हाणीघरातल्या फळीवर लतिकाच्या मंजनाची डबी आहे. काळं मंजन, गोंदियाची मावशी घरी भाजून पाठवते. लतिकाला स्वच्छतेची फार आवड, दिवसातून चार-पाच वेळा दात घासायची. हल्ली सकाळी एकदा टूथपेस्टने घासते आणि डबी तशीच पडून आहे, म्हणून सहज उघडली. आतून सरळ तंबाखूचा वास आला. भाजलेला, कडक.

मी डबी झाकली, उघडली, पुन्हा तोच. मग फोनवर वाचलं. सोडणाऱ्या माणसाला नसलेल्या तंबाखूचा वास येऊ शकतो, असं एकाने लिहिलं आहे. मेंदू फसवतो. तेच असणार. मंजनात तंबाखू कशाला येईल?

तरी डबी फळीच्या वरच्या कप्प्यात, मागे ठेवली. माझ्या मेंदूला निमित्त नको.

संध्याकाळी लतिकाने विचारलं, "डबी कोणी हलवली?"

"मी. मला तिच्यातून भास होतात."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मलाही होतात. बरं केलं."

२७ नोव्हेंबर, बुधवार

लतिकाला डॉक्टरणीकडे चल म्हटलं. नाही म्हणाली. मग मी तिला जरा मनोबलाविषयी समजावलं. "माझ्याकडे बघ. एवढ्या वर्षांची सवय एका ओंजळीत सोडली. माणसाने ठरवलं की होतं. तुला कशाची चिडचिड होते ते निदान माझ्यासारखं लिहून तरी काढ."

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "तुम्हाला सोडताना सगळं जग माहीत आहे. प्रणोती प्राउड आहे, गुणवंतभाऊ फिरवून आणतात, समोरची विनता विचारते भाऊजी कसे आहेत. ज्याला सांगताही येत नाही, त्याने कसं सोडावं?"

"कोणी? काय सोडावं?"

"कोणी नाही. पोळी घ्या."

मी पोळी घेतली. या प्रश्नाचा रोख कुठे होता, अजून विचार करतो आहे. गुणवंतविषयी असेल काय? त्याने चोरून सुरू केली असेल?

१ डिसेंबर, रविवार

एक चांगली पद्धत पडली आहे. दिवेलागणीला तलफ फार येते. मी दारातल्या ओट्यावर लवंग तोंडात घालून बसतो. हल्ली लतिकाही येऊन बसते, तीही लवंग घेते. मला सोबत म्हणून बसते. आज म्हटलं, "तू कशाला थंडीत? मी एकटा निभावतो."

"एकट्याने नाही होत हो," म्हणाली.

तिच्या या विचाराने मन भरून आलं. काही गरज नसताना ही बाई माझ्यासाठी लवंगा चावते.

६ डिसेंबर, शुक्रवार

जखम भरत आली! कडेने गुलाबी कातडी आली आहे. डॉक्टरांनी बोट दाबलं, सोडलं, रंग परत येताना पाहिला. "बहुत बढ़िया। ऐसे ही रहिए। ठंड से बचाइए।" मी विचारलं, याचं श्रेय माझ्या पद्धतीला किती, औषधाला किती? ते हसले.

घरी लतिकाने पाय मांडीवर घेऊन बोट पाहिलं आणि रडायलाच लागली. "होऊन राहिलं ना बरं? खरंच होऊन राहिलं ना?" बोट माझं, मी रडलो नाही, आणि ही अशी रडते जणू निकाल हिचा लागला. मला हसूही आलं आणि कसंसंही झालं.

गुणवंत म्हणाला, "दोघांनी मिळून केलं भाऊ, मग होणारच." दोघांनी म्हणजे त्याने आणि मी असं त्याला म्हणायचं असणार. दिलं त्याला श्रेय.

११ डिसेंबर, बुधवार

लिहायचं तर सगळं लिहायचं.

कुंडमला गेलो होतो. पियूष सेठच्या गोदामातला मोठा काटा शून्यावर उभा राहत नव्हता. दोन मिस्त्री हात टेकून गेले होते. मी पाट उचलला, तारा तपासल्या, सगळं ठीक. काटा मात्र रिकामा असून पाव किलो दाखवतो, मग शून्य, मग पुन्हा. दुपार गेली. शेवटी खाली आडवा होऊन बॅटरी मारली, तर एका कोपऱ्यात उंदराने सुतळीचं घरटं केलेलं. त्याची मादी येते-जाते, तेवढं वजन. कोणालाही सापडलं नसतं.

सेठने पाठ थोपटली. "भैया, आपका जवाब नहीं!" आणि विडीचं बंडल पुढे केलं. स्वतःच काडी ओढली.

मी दुःखात नव्हतो, तलफ नव्हती. आनंदात होतो. हात आपला आपण पुढे गेला. ओढून झाली तेव्हा लक्षात आलं की ओढली. मग म्हटलं, एक झालीच आहे, आणि दुसरी घेतली. परतताना जंगलाच्या वळणावर स्कूटर थांबवून तिसरी. तिसरी मी मागून घेतली होती, हे लिहून ठेवतो.

नंतर विचार केला. विडी सिगारेट नव्हे, हे खरं. पण ती फट मीच बुजवली होती. मग म्हटलं, ही चूक नव्हे, ही एक चाचणी, की सुटली आहे की नाही. चाचणी म्हटली तर निकाल पाहिजे. निकाल मी लिहिणार नाही.

अंगणातल्या नळावर चूळ भरून घरात शिरलो. आत मोरीवर लतिकाही चूळ भरत होती. डोळे लाल. मी दिवसभर नव्हतो, एकटीच होती. "जेवला का?" एवढंच म्हणाली, माझ्या तोंडाकडे न बघता. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. आम्ही ओट्यावर बसलो नाही. थंडी होती.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती

बोट निळसर झालं आहे. काल ठणकत होतं, आज टोकाला काळं. मोजा काढताना लतिकाने पाहिलं आणि तिचा चेहरा पिठासारखा झाला.

"कधीपासून?"

"परवापासून. थंडीत स्कूटर चालवली."

"परवापासून," ती म्हणाली. "म्हणजे बुधवारनंतर."

देवळात गेली ती पार आरती संपून लोक पांगल्यावर आली. आल्यावर जेवली नाही. उपास म्हणाली.

मी तिला सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. ती एवढी का घाबरली आहे ते कळेना, आणि घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवू नये. हे कारण खरं आहे की सोयीचं, ते मला तपासता येत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं.

डॉक्टरांनी बोट पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "पी थी?"

"नहीं," मी म्हणालो. माझ्याच तोंडून. लगेच. मी खोटं बोलत नाही, असं लोक माझ्याविषयी सांगतात.

तेवढ्यात लतिका खुर्चीतून उठली. हिंदी तिला छान येतं, पण आज मराठी मधेमधे घुसत होतं. "डॉक्टर साहब, इनकी गलती नाही. मैंने किया. मी मिश्री लावते, लहान होती तेव्हापासून, आजीने लावली. घाटपर मेरा भी हाथ था इनके हाथ पर. इतने दिन मैंने नहीं लगाई. बुधवारी ये घर पे नहीं थे, बहुत मन हुआ, एक बार लगा ली. उसी दिन से इनका पाय ऐसा हुआ. आधा संकल्प मेरा था, मैंने तोड़ा."

मला क्षणभर तिचे शब्द कळले, अर्थ कळला नाही. मग एक-एक वस्तू आपल्या जागी जाऊन बसू लागली. डबी. डोकं. दूधवाला. लवंगा. काळं मंजन म्हणजे मिश्री, आणि मिश्री म्हणजे तंबाखू. माझं नाक बरोबर होतं आणि मी त्यालाच खोटं पाडलं होतं. मी उंदराचं वजन पकडतो आणि माझ्या घरात ही बाई एवढी वर्षं...

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "माताजी, आपने छोड़ी, बहुत अच्छा किया। मत लगाइए, आपके मुँह के लिए खराब है। लेकिन आपके लगाने से इनकी उँगली काली नहीं होती।"

"फिर कैसे हुई?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. तीही बघू लागली.

मी कोपऱ्यातल्या वजनाच्या मशीनकडे पाहत होतो. तिचा काटा शून्याच्या अलीकडे होता. मी म्हणालो, "यह मशीन थोड़ा कम बताती है।"

ते म्हणाले, बोट काढावं लागेल. शुक्रवारी. पंजा अजून गरम आहे, तो वाचेल. "अगर..." म्हणून चिठ्ठी लिहायला लागले.

ऑटोत लतिका म्हणाली, "डॉक्टरांना शास्त्र माहीत आहे, नर्मदाजी नाही माहीत. माझ्यामुळेच झालं." आणि माझी शाल नीट केली.



१७ डिसेंबर, मंगळवार

ती सकाळपासून देवासमोर बसली आहे. पाणीसुद्धा घेत नाही. गुणवंत येऊन तिला समजावून गेला, "वहिनी, एक बार से काही होत नाही, मीपण दोनदा घसरलो होतो." त्याला आधीपासून माहीत होतं! दात बघून ओळखलं म्हणे. समोरच्या विनतालाही माहीत. प्रणोतीला काल कळलं, तीही लगेच फोनवर "आई, प्राउड ऑफ यू." सगळ्या गल्लीला माझ्या घरातली गोष्ट माहीत आणि मला नाही. याचा राग येतो आहे की लाज, ठरत नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे जी फक्त मला माहीत आहे.

तिने उपास धरून बसावं आणि मी ताट वाढून घ्यावं, हे काही केल्या बरोबर बसेना. घास तोंडात फिरत राहिला. उठलो, लंगडत देवघराशी गेलो आणि म्हटलं, "लतिका, बुधवारी मी कुंडमला तीन विड्या ओढल्या."

तिने मान वळवली नाही.

"दोन सेठने दिल्या. एक मी मागितली."

मग तिने वळून पाहिलं. मला वाटलं रडेल. तिने निरांजन उचलून बाजूला ठेवलं, बहुतेक ते माझ्या अंगावर फेकायचं नव्हतं म्हणून.

"मी शनिवारपासून नाक घासून राहिली देवासमोर. डॉक्टरसमोर उभी राहून साऱ्या जगाला सांगितलं मी काय लावते ते. माहेरी आजी-मावशी सोडून कोणाला माहीत नव्हतं. आणि तुम्ही तिथे बसून मशीनचा झिरो बघून राहिले होते?"

"ती खरंच कमी दाखवते."

हे मी का म्हणालो, देव जाणे.

"उठा," ती म्हणाली. "उठा इथून. दुसरीकडे जाऊन बसा."

मी ओट्यावर जाऊन बसलो. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, मग फोडणीचा. ती जेवत होती. एकटीच. पण जेवत होती. मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि आजच्या दिवशी हलकं वाटणं शोभतं का, तेही कळेना.

१९ डिसेंबर, गुरुवार. दवाखाना

उद्या सकाळी बोट काढतील. लतिका कालपासून माझ्याशी फक्त कामाचं बोलते. औषध घेतलं का. पाय वर ठेवा. शाल.

दुपारी वॉर्डात दोघंच. खिडकीखाली कोणीतरी सिगारेट पेटवली असावी. वास वर आला. माझं नाक आता फार तेज झालं आहे, पण तिचंही काही कमी नसावं, कारण आम्ही दोघांनी एकाच वेळी खिडकीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

तिने उठून खिडकी लावली. परत येऊन स्टुलावर बसली. बराच वेळ बांगडी फिरवत होती.

"कशी होती?" तिने विचारलं.

"काय?"

"विडी."

खोटं बोलण्याची संधी होती. "पहिली चांगली होती," मी म्हणालो. "फार चांगली होती लतिका. दुसरी तेवढी नव्हती. तिसरी तर नुसतीच ओढली."

तिने मान डोलावली. "माझीही. बोट लावलं तेव्हा डोळे मिटले आपोआप. अर्ध्यातच थुंकली. पण त्याच्या आधीचं जे होतं ना..." तिने ओठ आवळले, आणि मला कळेना ती रडते आहे की काय, तर ती हसत होती. मलाही हसू फुटलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी डोकं वर करून पाहिलं.

हसणं ओसरल्यावर ती गंभीर झाली. "हे बघा. यापुढे तलफ आली तं सांगायचं. पद्धत-बिद्धत नाही. आली म्हटलं की दुसऱ्याने सोबत बसायचं. लपून नाही."

"कोणालाही आली तरी?"

"कोणालाही. मीही सांगेन. तुम्ही मला मनोबल शिकवायचं नाही."

"आणि नर्मदाजी?"

"त्यांचं मी बघते. त्यांना तुमच्याएवढं बारीक लागत नाही."

२२ डिसेंबर, रविवार

बोट गेलं. पट्टीकडे पाहिलं तर पाय कोणा दुसऱ्याचा वाटतो. पंजा गरम आहे, लतिका सकाळ-संध्याकाळ हात लावून बघते आणि दर वेळी डॉक्टरांच्या आधी मला सांगते.

आज उन्हात खुर्ची टाकून बसलो होतो. ती वाटाणे सोलत होती. गुणवंत येऊन गेला, प्रणोती शनिवारी येते म्हणाली. सगळं शांत होतं, पाय फारसा दुखत नव्हता, काही निमित्त नव्हतं. आणि एकदम लतिकाने शेंग खाली ठेवली.

"आली," म्हणाली.

मी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. यावर मी काही वाचलेलं नाही. तिने हात गुडघ्यांत घट्ट धरले होते, मान खाली. मी तिच्याकडे बघत बसलो, आणि बघता बघता मलाही आली.

"मलाही," मी म्हणालो.

"तुमची कशाला? माझी आधी जाऊ द्या ना."

"मी मुद्दाम नाही आणली."

आम्ही तसेच बसून राहिलो. समोरच्या विनताने गच्चीवरून विचारलं, "काय चाललंय हो दोघांचं?" आणि लतिका मान वर न करता ओरडली, "काही नाही! बसलोय नुसते!"

मग तिने पुन्हा शेंग उचलली. मी विचारलं, गेली का? म्हणाली, माहीत नाही, बसा अजून.

मी बसलो आहे.